हेगचं कोर्ट आणि त्याचे उसने हात

हेग म्हटलं की मराठी घरांत कुलभूषण जाधव आठवतात, आणि पाठोपाठ हरीश साळव्यांनी घेतलेली एक रुपया फी. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये 'हेगच्या कोर्टाचं नेतान्याहूंवर वॉरंट' ही बातमी आली तेव्हा पुष्कळांची समजूत झाली की हे तेच कोर्ट. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने त्या कोर्टाच्या मुख्य अभियोक्त्यावर, म्हणजे खटला चालवणाऱ्या तिथल्या सरकारी वकिलावर, निर्बंध लादले. जूनमध्ये चार न्यायाधीश त्या यादीत गेले, ऑगस्टमध्ये आणखी चार अधिकारी. आरोपीचं खातं गोठवल्याचं आपण ऐकतो. इथे न्यायाधीशांचंच गोठलं. हे कुठल्या कायद्यात बसतं, असं त्या दिवसांत मला तिघा-चौघांनी विचारलं.

कायद्यात बसतं, आणि हे एका अध्यक्षाच्या लहरीतून आलेलंही नाही. 'आमच्या सरकारने त्या कोर्टाला मदत करायची नाही' असा लेखी कायदा अमेरिकेत २००२ पासून आहे. नुसते निर्बंध वाचून काही कळत नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

एकाच गावातली दोन कोर्टं

जाधवांचा खटला चालला ते आंतरराष्ट्रीय न्यायालय. ते १९४६ पासून काम करतंय आणि तिथे फक्त देश देशाविरुद्ध उभा राहतो. आपल्याकडच्या भाषेत ढोबळमानाने सांगायचं तर तो दिवाणी दावा: तुम्ही करार मोडलात, तो पाळा. तिथे कुणाला तुरुंगात टाकत नाहीत.

दुसरं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. ते १ जुलै २००२ ला अस्तित्वात आलं. तिथे माणसावर खटला चालतो, मग तो सैनिक असो, सेनापती असो की राष्ट्राध्यक्ष. गुन्हे चारच: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि दुसऱ्या देशावर आक्रमण. या कोर्टाचा पाया असलेला रोमचा करार १७ जुलै १९९८ ला मंजूर झाला. १२० देश बाजूने, ७ विरोधात, २१ तटस्थ. भारत त्या २१ मधला. (जाधवांचा निकालही १७ जुलैचाच, २०१९ चा. योगायोग आहे, पण घोटाळ्यात भर घालणारा.)

यापुढे 'फौजदारी कोर्ट' म्हटलं की हे दुसरं.

बेलिफ नसलेलं कोर्ट

आपल्या तालुक्याच्या कोर्टाने पकड वॉरंट काढलं तर ते बजावायला पोलीस ठाणं असतं. समन्स द्यायला बेलिफ असतो, आणि शिक्षा झाली तर पाठवायला तुरुंग असतो. फौजदारी कोर्टाकडे यातलं जवळपास काहीच नाही. हेगच्या समुद्राकडेला, शेव्हेनिंगेनच्या तुरुंग-आवारात, खटला चालू असलेल्यांना ठेवायच्या कोठड्या आहेत, तेवढंच. आरोपीला पकडायचं सदस्य देशांनी. साक्षीदाराला संरक्षण, उपग्रहाची छायाचित्रं, बँकेचे तपशील, सगळं कुणाकडून तरी मागून आणायचं. शिक्षा झालेला माणूसही ती भोगायला एखाद्या तयार असलेल्या देशात पाठवला जातो.

त्यात एक नियम असा की आरोपी समोर हजर नसेल तर मुख्य खटला सुरूच होत नाही. म्हणजे पकडणारे हात मिळाले नाहीत तर वॉरंट नुसतं कागदावर राहतं.

गावची तंटामुक्त समिती डोळ्यांसमोर आणा. समितीला हातात दंडुका नाही. ती चालते गावाने मान दिला म्हणून. समजा गावातल्या सगळ्यात मोठ्या वाड्याने ठरवलं की आपण समितीत बसणार नाही. ठीक, तो त्यांचा हक्क. पण पुढे जाऊन वाड्याने आपल्या गड्यांना ताकीद दिली की समितीला सतरंजी द्यायची नाही, साक्ष द्यायची नाही, आणि गावाला कळवलं की समितीला जो मदत करेल त्याला आमच्याकडून उसनवारी बंद. समितीवर कुणी दगड मारलेला नाही. तरी ती चालणार कशी?

सदस्य न होणं आणि सहकार्याला कायद्याने बंदी घालणं यांतला फरक एवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

२००२ चा तो कायदा

क्लिंटन यांनी रोमच्या करारावर सही केली ती अगदी मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर २००० ला. सिनेटची मंजुरी मात्र घेतली नाही. मे २००२ मध्ये बुश सरकारने संयुक्त राष्ट्रांना पत्र लिहून कळवलं की आम्हाला सदस्य व्हायचं नाही, त्या सहीचं बंधन आमच्यावर नाही. सही 'परत घेणं' हा प्रकार तेव्हा नवलाचा होता. पुढे २०१६ मध्ये रशियानेही तेच केलं.

२ ऑगस्ट २००२ ला बुश यांनी अमेरिकी सैनिक संरक्षण कायद्यावर सही केली. नाव असं की विरोध कोण करणार! सिनेटमध्ये ७५ विरुद्ध १९ अशा मतांनी तो पार झाला. त्या ७५ मध्ये बुश यांच्या विरोधी पक्षाचे, म्हणजे डेमोक्रॅट, ३० होते. म्हणजे हे एका पक्षाचं खूळ नव्हतं.

कायदा सांगतो की अमेरिकेतलं कुठलंही न्यायालय आणि कुठलंही सरकारी खातं या फौजदारी कोर्टाशी सहकार्य करणार नाही. यात केंद्र सरकार आलं, राज्यं आली, पार स्थानिक प्रशासनही आलं. कुणाला त्या कोर्टाच्या हवाली करायचं नाही, त्यासाठी सरकारी पैसा वापरायचा नाही, गुप्त माहिती द्यायची नाही. कोर्टाच्या तपास अधिकाऱ्याने अमेरिकेच्या भूमीवर येऊन तपास करायचा नाही.

आणि मग ते गाजलेलं कलम. अमेरिकी माणसाला, किंवा या कोर्टाचा सदस्य नसलेल्या काही मित्रदेशांच्या माणसाला, या कोर्टाने अडकवलं तर त्याच्या सुटकेसाठी 'आवश्यक आणि योग्य ते सर्व मार्ग' वापरायचा अधिकार अध्यक्षाला आहे. त्या मित्रांमध्ये इस्रायल येतो. 'सर्व मार्ग' या शब्दांत लष्करही बसतं, म्हणून टीकाकारांनी या कायद्याला 'हेगवर स्वारीचा कायदा' असं टोपणनाव दिलं. हेग नेदरलँड्समध्ये, आणि नेदरलँड्स नाटोत अमेरिकेचा जोडीदार; म्हणजे स्वारी मित्राच्याच किनाऱ्यावर. गंमत अशी की याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलंय, सुटकेसाठी लाच देता येणार नाही. फौज चालेल, पाकीट नको!

अशी स्वारी कधी झाली नाही आणि होईल असं मला वाटत नाही. कायद्याचं खरं काम त्याआधीच्या रुक्ष कलमांनी केलं. बातमी स्वारीची होते, पण कोर्टाला जे लागतं ते कागद, माहिती आणि एखाद्या कारकुनाचं सहकार्य, आणि तेच थांबतं.

'सदस्यच नाही, तर अधिकार कसला?'

हा आक्षेप बिनबुडाचा नाही. जो करार मी केला नाही तो मला का लागू?

कोर्टाची बाजू अशी. एमएच पाटीची गाडी घेऊन तुम्ही पणजीत गेलात आणि सिग्नल तोडलात, तर दंड गोव्याचा पोलीस करतो. 'मी गोव्याचा मतदार नाही' म्हणून सुटका नाही. गुन्हा जिथे घडला तिथला कायदा लागतो. तसंच, अमेरिका सदस्य नसली तरी अफगाणिस्तान २००३ पासून सदस्य आहे. तिथल्या भूमीवर कुणी कैद्यांचा छळ केला असेल तर खटल्याचा अधिकार अफगाणिस्तानला आहेच, आणि तोच त्याने कोर्टाकडे सोपवला आहे.

अमेरिकेचं उत्तर: गोव्याने दंड केला तर एक वेळ मान्य. पण गोव्याने तो अधिकार परस्पर एका तिसऱ्याच मंडळाला दिला, जिथे महाराष्ट्राचा माणूसच नाही, तर? त्यात आमच्या घटनेने दिलेला ज्यूरीचा हक्क तिथे नाही. आणि जगभर सगळ्यांत जास्त सैन्य आमचं, तेव्हा खोट्या तक्रारींचा धोकाही आम्हालाच जास्त.

यावर कोर्टाकडे एक महत्त्वाचा बचाव आहे. संबंधित देश स्वतः प्रामाणिकपणे तपास करत असेल तर हे कोर्ट हात घालत नाही. ते शेवटच्या पायरीवरचं कोर्ट आहे. तुमच्या सैनिकाची चौकशी तुम्हीच करा, मग हेगचा प्रश्न येत नाही. मला हा युक्तिवाद पटतो, पण यात मेख आहे: तपास प्रामाणिक होता की नाही हे शेवटी ठरवणार कोर्टच. महासत्तांना नेमकं तेच नको असतं.

भिंतीला ठेवलेली खिडकी

हा कायदा बनत होता तेव्हा सिनेटर क्रिस्टोफर डॉड यांनी त्यात एक दुरुस्ती घातली. त्यांचे वडील थॉमस डॉड न्यूरेंबर्गमध्ये नाझी नेत्यांवरच्या खटल्यात अमेरिकेचे वकील होते. दुरुस्ती सांगते की सद्दाम हुसेन, सर्बियाचे मिलोसेविच, बिन लादेन आणि वंशसंहार किंवा युद्धगुन्ह्यांसारखे आरोप असलेले इतर परदेशी यांना न्यायासमोर आणायच्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांना मदत करायला या कायद्याची आडकाठी नाही.

परदेशी हा शब्द लक्षात ठेवा. दरवाजा बंद, पण दुसऱ्याचा गुन्हेगार आत ढकलता येईल एवढी खिडकी उघडी.

ती वापरली गेली. मार्च २०१३ मध्ये कांगोचा बंडखोर सेनापती बोस्को न्तागांडा रवांडातल्या किगालीच्या अमेरिकी वकिलातीत स्वतःच्या पायांनी चालत आला आणि म्हणाला, मला हेगला पाठवा. अमेरिकाही सदस्य नाही, रवांडाही नाही. तरी चार-पाच दिवसांत तो हेगला पोचला. २०१९ मध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. युगांडाच्या बंडखोर सेनेतला डोमिनिक ऑन्ग्वेन जानेवारी २०१५ मध्ये मध्य आफ्रिकेत अमेरिकी सैन्याच्याच ताब्यात आला आणि तिथून पुढे कोर्टाकडे गेला. त्याला २५ वर्षं.

मग युक्रेन आलं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा बदलून युक्रेनच्या तपासात कोर्टाला मदत करायची मुभा दिली. मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर वॉरंट निघालं. तरी पेंटागॉन, म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं, पुरावे द्यायला राजी नव्हतं: आज रशियाच्या माणसासाठी वाट मोकळी केली तर उद्या त्याच वाटेने आपल्या माणसाकडे येतील. शेवटी जुलैमध्ये बायडेन यांनी पुरावे द्यायचा आदेश दिला. पेंटागॉनची भीती मला ढोंगी वाटली तरी चुकीची वाटत नाही. सव्वा वर्षात त्याच कोर्टाचं वॉरंट इस्रायलच्या पंतप्रधानांवर निघालं.

दुसऱ्यांचेही हात बांधणं, आणि भारताची सही

२००२ चा कायदा स्वतःच्या खात्यांपुरता थांबला नव्हता. जे देश कोर्टाचे सदस्य आहेत त्यांची लष्करी मदत बंद, असंही त्यात होतं. नाटोवाले आणि काही खास मित्र यांतून वगळलेले. बाकीच्यांना सुटका हवी असेल तर अमेरिकेशी वेगळा करार करायचा: तुमचा माणूस आम्ही कोर्टाला देणार नाही. रोमच्या कराराच्याच ९८ व्या कलमाचा आधार घेऊन शंभरावर देशांशी असे करार झाले.

भारतानेही २६ डिसेंबर २००२ ला असा करार केला. दोघांनी एकमेकांना शब्द दिला की तुमचा माणूस तुमच्या संमतीशिवाय कुठल्याही आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाकडे सोपवणार नाही. भारत सदस्यच नसल्याने मदत तुटायची टांगती तलवार नव्हती. तरी सही झाली, कारण धोरण जुळत होतं. रोममध्येच भारताचे तीन आक्षेप होते. सुरक्षा परिषदेला कुठलंही प्रकरण कोर्टाकडे धाडायचा आणि चालू प्रकरण थांबवायचा अधिकार का? अण्वस्त्रांचा वापर गुन्हा का नाही? दहशतवाद यादीत का नाही? पहिला आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. परिषदेतले पाचपैकी तीन कायम सदस्य, अमेरिका, रशिया आणि चीन, स्वतः कोर्टाबाहेर बसून दुसऱ्यांना कोर्टात पाठवू शकतात.

सहकार्याला बंदी घालणारा अमेरिकेसारखा कायदा भारताला करावाच लागला नाही. सदस्य नाही म्हणून बंधन नाही. डिसेंबर २०२५ मध्ये वॉरंट असलेले पुतिन दिल्लीत येऊन गेले आणि कायद्याच्या दृष्टीने काही बिघडलं नाही.

अमेरिकेचा मदत तोडायचा डाव मात्र अंगलट आला. १ जुलै २००३ ला ३५ देशांची लष्करी मदत थांबवली. पुढे अमेरिकेचेच सेनाधिकारी सांगू लागले की लॅटिन अमेरिकेतली रिकामी जागा चीन भरतोय. हे म्हणजे आपणच आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेतल्यासारखं आहे, अशा अर्थाचं २००६ मध्ये खुद्द परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस बोलल्या. २००८ मध्ये ते कलम निघालं. कायदा उरला.

निर्बंध: इथे सामान्य माणूस सापडतो

२००२ चा कायदा सरकारी खात्यांना बांधतो. २०२० मध्ये अफगाणिस्तानातल्या गुन्ह्यांच्या तपासाला, ज्यात अमेरिकी सैनिकही येत होते, कोर्टात हिरवा कंदील मिळाल्यावर ट्रम्प यांनी दुसरं हत्यार काढलं: आणीबाणी जाहीर करून आर्थिक निर्बंध लादू देणाऱ्या अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्याखाली निर्बंध. तेव्हाच्या अभियोक्त्या फातू बेनसुदा यादीत गेल्या. बायडेन यांनी एप्रिल २०२१ मध्ये ते उठवले, ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या आदेशाने परत आणले, या वेळी जास्त व्यापक.

यादीतल्या माणसाला 'अमेरिकी व्यक्ती' पैसा, वस्तू किंवा सेवा देऊ शकत नाही. आणि अमेरिकी व्यक्ती म्हणजे केवळ नागरिक नव्हे. ग्रीन कार्डवाला, अमेरिकी कंपनी आणि त्या घडीला अमेरिकेत असलेला कुणीही. न्यू जर्सीत राहणारा ग्रीन कार्डवाला पुण्याचा भाचा यादीतल्या अभियोक्त्याला कायद्याचा सल्ला देऊ लागला, तर तोही गुन्हा ठरू शकतो, आणि मूळ कायद्यात शिक्षा २० वर्षांपर्यंत आहे.

खरी पकड कंपन्यांची. कार्डाचं जाळं अमेरिकी, ईमेल अमेरिकी, हॉटेल बुकिंगची संकेतस्थळं अमेरिकी. यादीतले फ्रेंच न्यायाधीश निकोला गियू यांनी एका फ्रेंच वृत्तपत्राला सांगितलं की आपल्याच देशातल्या हॉटेलचं ऑनलाइन बुकिंगही रद्द झालं. युरोपातल्या बँकाही धास्तीने हात आखडता घेतात, कारण त्यांना डॉलरमध्ये धंदा करायचा असतो. युरोपीय संघाकडे १९९६ चा एक नियम आहे: परक्या देशाचे ठरावीक निर्बंध आमच्या कंपन्यांनी पाळायचेच नाहीत. तो इथे लावा अशी मागणी झाली.

अमेरिकेतही सगळे गप्प बसले नाहीत. 'मेन' नावाच्या राज्यातल्या संघीय न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दोन मानवाधिकार कार्यकर्त्यांपुरती या आदेशाची अंमलबजावणी थांबवली. कारण दिलं ते भाषणस्वातंत्र्याचं.

'मग सगळेच देश असं करतात ना?'

करतात, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. रशियाने २०२३ मध्ये फौजदारी कायद्यातच कलम घातलं: रशिया ज्यात नाही अशा आंतरराष्ट्रीय संस्थांचे निर्णय अमलात आणायला मदत केली तर तुरुंग.

हंगेरीचा मार्ग जास्त बेरकी. रोमचा करार मंजूर केला २००१ मध्येच, पण तो देशाच्या कायद्यात रीतसर जाहीरच केला नाही. एप्रिल २०२५ मध्ये नेतान्याहू बुडापेस्टला आले तेव्हा त्यांचं स्वागत झालं, आणि कोर्टातून बाहेर पडायची घोषणाही. म्हणजे कायदा न करणं हाही सहकार्य रोखायचा एक कायदेशीर मार्ग निघाला. इटलीने जानेवारी २०२५ मध्ये लिबियाच्या एका अधिकाऱ्याला वॉरंटवर तुरीनमध्ये पकडलं, दोन दिवसांत तांत्रिक त्रुटी दाखवून सोडलं आणि सरकारी विमानाने घरी पोचवलं. दक्षिण आफ्रिकेत तर सहकार्य करा असं सांगणारा कायदाच आहे. तरी २०१५ मध्ये याच कोर्टाचं वॉरंट असलेले सुदानचे अध्यक्ष ओमर अल-बशीर तिथे आले, त्यांना जाऊ देऊ नका असा प्रिटोरियाच्या कोर्टाचा आदेश होता, आणि ते लष्करी तळावरून उडून गेले.

जाधव प्रकरणाकडे परत

हेगच्या पहिल्या कोर्टाचंही, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचंही, दुखणं हेच आहे, म्हणून थोडं. जाधवांना आपल्या वकिलातीशी संपर्क करू दिला नाही, हा करारभंग आहे असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं आणि शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. त्या फेरविचाराची वाट काढायला पाकिस्तानने २०२१ मध्ये खास कायदा केला. तो अपुरा आहे असं भारताचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. पण कायदा तरी केला.

अगदी याच मुद्द्यावर, याच न्यायालयाने २००४ मध्ये मेक्सिकोच्या ५१ नागरिकांबाबत अमेरिकेला फेरविचार करायला सांगितलं होतं. २००८ मध्ये अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं: निकाल देश म्हणून बंधनकारक असेल, पण काँग्रेसने कायदा केल्याशिवाय टेक्सासला तो लागू नाही. काँग्रेसने केला नाही. त्या खटल्यातल्या होसे मेदेयिनला ऑगस्ट २००८ मध्ये टेक्सासने विष टोचून मृत्युदंड दिला.

आणि मनिलाचं विमान

फिलिपिन्स २०१९ मध्ये फौजदारी कोर्टातून बाहेर पडलं. तेव्हाचे अध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनीच काढलं, त्यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेतल्या हत्यांची चौकशी सुरू होताच. नंतरचे अध्यक्ष मार्कोस हेही सांगत होते की आम्ही त्या कोर्टाशी सहकार्य करणार नाही. मग मार्कोस आणि दुतेर्ते घराण्यांचं फाटलं. ११ मार्च २०२५ ला मनिलाच्या विमानतळावर दुतेर्तेंना अटक झाली. वॉरंट इंटरपोलमार्फत आलं होतं, आणि आधाराला २००९ चा फिलिपिन्सचा स्वतःचाच एक कायदा होता, आरोपीला आंतरराष्ट्रीय कोर्टाकडे सोपवायची मुभा देणारा. दुतेर्ते सत्तेत येण्याच्या सात वर्षं आधी झालेला तो कायदा रद्द करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. त्याच रात्री विमान सुटलं, आणि दुसऱ्या दिवशी ते शेव्हेनिंगेनच्या कोठडीत होते.